बालकलाकार म्हणून वाढताना, जेव्हा सगळं आईच ठरवते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि सतराव्या वर्षी शेवटची. मधली अकरा वर्षं माझं काम, माझे पैसे, माझे केस, माझी झोप सगळं आईच्या हातात होतं. अशाच घरांतून आलेली माणसं मला भेटतात, लिहितात. अधूनमधून एखादे पालकही लिहितात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी ‘आई’ म्हणते कारण माझ्या घरी आई होती. तुमच्याकडे वडील असतील, आजी असेल, मामा असेल.

पालकांनी लक्ष घालायलाच नको का? शिस्त कुठे संपते आणि ताबा कुठे सुरू होतो?

लक्ष घालायलाच हवं. सेटवर पालकांशिवाय सोडलेलं मूल ही तर जास्त काळजीची गोष्ट. बालमानसशास्त्राचे अभ्यासक नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे धरतात: वागण्यावरचं आणि मनावरचं. संवाद पाठ झाल्याशिवाय खेळायला जायचं नाही, शूटिंगच्या आदल्या रात्री लवकर झोपायचं, हा पहिला प्रकार. त्याने मूल कुरकुरतं, एवढंच. दुसऱ्या प्रकारात प्रेमच पणाला लावलेलं असतं. ‘तुझ्यासाठी मी सगळं सोडलं आणि तू मला चारचौघांत मान खाली घालायला लावलीस’ असं म्हणून दोन दिवस अबोला धरला की मूल चूक सुधारायला शिकत नाही, आईचा चेहरा वाचायला शिकतं.

ओळखायचं असेल तर मुलाने ‘नको’ म्हटल्यावर घरात काय होतं ते बघा. वादावादी झाली, समजूत काढली, कुणी चिडलं, तर ते चारचौघांसारखं घर. पण त्या एका शब्दाने घरात कुणी जेवेनासं होत असेल, धाकटं भावंड रागाने बघू लागत असेल, तर ते मूल पुन्हा ‘नको’ म्हणणार नाही. आणि मग सगळे म्हणतील, किती समजूतदार आहे!

असे पालक इतर घरांतही असतात, हे खरं. पण तिथल्या मुलाला दिवसातले काही तास तरी शाळेतल्या बाई, मित्रमैत्रिणी, शेजारचं घर मिळतं. बालकलाकाराच्या बाबतीत आईच मॅनेजर, आईच हिशेबनीस, आईच शिकवणी घेणारी आणि कामाच्या ठिकाणी मुलाच्या बाजूने बोलायचा अधिकारही तिलाच. तक्रार करायची तर तिच्याकडेच, आणि तक्रारीने काम गेलं तर नुकसानही तिचंच.

पण मुलाला आवडतं म्हणूनच तर ते करतं ना? जबरदस्तीने इतका चांगला अभिनय होतो का?

होतो. मी करत होते.

प्रत्येक ऑडिशनमध्ये एक प्रश्न ठरलेला असायचा: ‘तुला ॲक्टिंग करायला आवडतं का गं?’ मला घरी शिकवलेलं होतं की उत्तर देण्याआधी आईकडे बघायचं नाही, कारण बघितलं की समोरच्याला कळतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, मनात एक आकडा मोजायचा, मग हसून म्हणायचं, ‘खूप!’ कुठल्याही भूमिकेच्या आधी मी पाठ केलेला संवाद तो. माझा होकार खरा होता की नव्हता, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि गेलेल्या पैशांपेक्षा मला हे जास्त सलतं.

त्यात गुंतागुंत अशी की काही गोष्टी मला मनापासून आवडायच्या. जमिनीवर चिकटपट्टीची खूण केलेली असते, तिथे चालत येऊन खाली न बघता बरोब्बर थांबायचं असतं. ते जमलं की पोटात गुदगुल्या व्हायच्या. लाइटवाले काका माझ्या उंचीचा अंदाज माझ्याशी बोलून घ्यायचे, ते आवडायचं. पण टेक चालू असताना आई मॉनिटरमागे उभी असायची आणि तिचे ओठ माझे संवाद बोलत असायचे. दिग्दर्शक ‘ओके’ म्हणाले तरी मी तिच्याकडे बघायचे. तिने मान हलवली की मगच माझ्यासाठी तो टेक संपायचा.

रडण्याचे प्रसंग लहान मुलांकडून कसे करून घेतात?

चांगल्या ठिकाणी ग्लिसरीन वापरतात, नाहीतर खेळाखेळात करून घेतात, किंवा मुलाच्या पाठीवरून दृश्य घेऊन प्रेक्षकाला रडणं समजू देतात. पण दुसरे मार्गही फार जुने आहेत. हॉलिवूडचा बालनट जॅकी कूपर याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की १९३१ साली आलेल्या एका चित्रपटात त्याला रडू यावं म्हणून त्याच्या कुत्र्याला गोळी घालायचं नाटक करण्यात आलं. दिग्दर्शक होते नॉर्मन टॉरोग, त्याच्या मावशीचे यजमान. त्याच भूमिकेसाठी त्याला नवव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. बक्षीस मिळालं की पद्धतीबद्दल कुणी विचारत नाही.

माझ्या वेळी मांजर होतं. टेकच्या आधी आईने कानात सांगितलं की सकाळी ते गाडीखाली आलं. मी हमसून हमसून रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री घरी आलो तर मांजर जिन्यात अंग चाटत बसलेलं. तेव्हा आनंद झाला की राग आला, मला आठवत नाही. पुढच्या वेळी तिने आजीचं नाव घेतलं, आणि खोटं असणार हे माहीत असूनही मी रडले, कारण न रडून चालणार नव्हतं.

आई मला मोठं होऊच देत नव्हती असं वाटतं. हा माझा कांगावा आहे का?

कांगावा नाही, त्यामागे धंद्याचं साधं गणित आहे. सात वर्षांची दिसणारी दहा वर्षांची मुलगी निर्मात्याला परवडते. ती सूचना पटकन समजते, जास्त वेळ टिकते, आणि जिथे वयाप्रमाणे कामाचे तास ठरलेले असतात तिथे तिला जास्त तास मिळतात. म्हणून मुलाची उंची वाढणं ही चक्क वाईट बातमी ठरते. १९३० च्या दशकातली हॉलिवूडची लाडकी बालतारका शर्ली टेंपल हिचं वय चक्क एक वर्षाने कमी सांगितलं जात होतं. बारावा वाढदिवस आला तेव्हा तिला कळलं की आपल्याला तेरावं वर्ष पूर्ण होतंय.

आमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. इतर घरांत अशी खूण वर सरकली की कौतुक होतं. आमच्याकडे त्या संध्याकाळी आई गप्प असायची. समोरचे दुधाचे दात पडले तेव्हा खोट्या दातांची पट्टी बसवली गेली. ‘स’ म्हणताना ती सुटायची, म्हणून जिभेने मागून दाबून धरायची. आजही दडपण आलं की माझी जीभ दातांमागे जाऊन बसते.

जेवणाचं सर्वांत जास्त जपायला हवं. जेनेट मकर्डी या अमेरिकन अभिनेत्रीने २०२२ साली आलेल्या आत्मकथनात लिहिलं आहे की अकराव्या वर्षी शरीर बदलू लागल्याची भीती वाटली तेव्हा खुद्द आईनेच तिला कॅलरी मोजून कमी खायला शिकवलं, आणि त्यातून पुढे कित्येक वर्षं खाण्याचे विकार तिच्या मागे लागले. आईबरोबर गुपचूप करायची गोष्ट म्हणून तिला ते तेव्हा जवळिकीसारखं वाटलं होतं. तुमच्या आठवणीत असं काही असेल तर ‘त्या काळी सगळेच करायचे’ म्हणून बाजूला सारू नका. खाण्याच्या विकारांवर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांकडेच घ्यायचे असतात.

मुलाची कमाई कायद्याने कुणाची?

हे ठिकाण बघून ठरतं, आणि ते असं का, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

जॅकी कूगन १९२१ साली चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला आणि सात वर्षांचा होण्याआधीच जगप्रसिद्ध झाला. लहानपणी त्याने ३० ते ४० लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. १९३५ साली वडील अपघातात गेले. व्यवहार आई आणि सावत्र वडिलांच्या हाती आले. आपले पैसे मागितल्यावर त्याला कळलं की ते खर्च झालेत, आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची कमाई आईवडिलांचीच असल्याने त्यात बेकायदा काही नव्हतं. १९३८ साली त्याने खटला भरला. शेवटी हाती आले साधारण १ लाख २६ हजार डॉलर. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणासाठी कायदा केला, जो आजही त्याच्या नावानेच ओळखला जातो.

पण त्या कायद्यात पळवाटा होत्या. न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू होता. शर्ली टेंपलच्या बाबतीत तर पैसे बाजूला ठेवायचा न्यायालयाचा आदेश असूनही वडिलांनी ते ठेवले नाहीत. ३२ लाख डॉलर कमावलेल्या या मुलीला बाविसाव्या वर्षी कळलं की ४४ हजार उरलेत. अमेरिकन टीव्हीवरचा बालकलाकार गॅरी कोलमन याने १९८९ साली आईवडील आणि मॅनेजरवर दावा लावला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने त्याला जवळपास १२ लाख ८० हजार डॉलर मंजूर केले. कॅलिफोर्नियाचा सुधारित कायदा २००० सालापासून लागू झाला. तेव्हा कुठे मुलाची कमाई मुलाची ठरली, आणि ढोबळ कमाईतले १५ टक्के त्याच्या नावच्या बंद खात्यात ठेवणं सक्तीचं झालं. कूगनच्या खटल्यानंतर साठ वर्षांहून जास्त काळ गेला होता.

भारतात २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे असतात आणि ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळतात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस सलग काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला सहभागी करून घ्यायचं नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे. हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि तेच तपासणं सर्वांत अवघड. मुदत ठेवीची पावती दाखवता येते. मर्जीची पावती कोण देणार? वर लिहिलेला माझा ‘खूप!’ कुठल्याही अधिकाऱ्याने मंजूर केला असता.

पैसे घरासाठीच वापरले गेले. त्याबद्दल राग धरणं स्वार्थीपणाचं नाही का?

नाही. आणि हा प्रश्न तुमच्या मनात येतो हाच त्या बालपणाचा परिणाम आहे.

घर मुलाच्या कमाईवर चालू लागलं की घरातल्या जागा उलट्या होतात. नऊ वर्षांचं पोर कर्ता होतं, आणि कर्त्याला दमून चालत नाही. कुटुंबांवर उपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांनी अशा घरांबद्दल लिहिलं आहे जिथे माणसांमधल्या सीमारेषा पुसल्या जातात, एकाची भावना कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळत नाही. माझ्या घरी ‘आपल्याला ती भूमिका मिळाली’, ‘आपला क्लोजअप छान आला’ असंच बोललं जायचं. भूमिका गेली की मात्र ‘तुझ्यामुळे गेली’.

घराला मदत केल्याचा अभिमान तुम्ही जरूर बाळगा. पण मदत करायची की नाही हे तुम्हाला कुणी विचारलंच नाही, याचाही राग येऊ शकतो. दोन्ही एकत्र राहतात.

पैसे गेलेत हे मला आत्ता कळलं. आता काही करता येईल का?

आधी कागद, भांडण नंतर. करार, जुन्या खात्यांची विवरणं, आयकराची कागदपत्रं, तुमच्या नावाने काढलेल्या ठेवी, जिथे जिथे काम केलंत त्या निर्मात्यांकडच्या नोंदी. सज्ञान झाल्यावर स्वतःच्या नावची माहिती बँकेकडून तुम्ही स्वतः मागू शकता, त्यासाठी आईला विचारावं लागत नाही. मग वकिलाला लवकर गाठा. अज्ञानपणी झालेल्या व्यवहारांवर दाद मागायची मुदत बहुतेक ठिकाणी सज्ञान झाल्यापासून मोजतात आणि ती फार लांब नसते. वय अजून कमी असेल तर काही देशांत न्यायालयामार्फत पालकांना व्यवहारातून बाजूला करता येतं. ‘होम अलोन’मधला बालनट मॅकॉले कल्किन याने किशोरवयातच आपली कमाई सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या कागदांवरून आईवडिलांची नावं काढून टाकायला लावली होती.

सगळ्यांनी खटला भरावा असं माझं म्हणणं नाही. मी भरला नाही. पण आकडा मात्र शोधून काढला, आणि तो कळल्यावर रात्री झोप लागू लागली.

वडील काय करत होते?

बहुतेक घरांत दुसरे पालक गप्प असतात. माझे वडील चांगले होते, शांत होते, आणि मला शूटिंगला सोडायला गाडीही तेच चालवायचे. त्यांच्यावर रागवायला मला आईवर रागवण्यापेक्षा जास्त वर्षं लागली.

शाळेचं काय झालं?

परीक्षांना जायचे. मैत्री तुटक राहिली. वाढदिवसाची आमंत्रणं यायची बंद झाली तेव्हा कळलं की सगळ्यांनी धरून चाललंय, ही येणार नाहीच.

मोठेपणी याचे परिणाम कसे दिसतात?

प्रत्येकाचं वेगळं, पण काही गोष्टी मी इतक्या जणांकडून ऐकल्या की त्या योगायोग नसाव्यात. निवड करता येत नाही: हॉटेलात काय मागवायचं इथपासून लग्न कुणाशी करायचं इथपर्यंत समोरच्याचा चेहरा बघून उत्तर ठरतं. कौतुक झालं की आनंदाऐवजी सुटल्यासारखं वाटतं. कॅमेऱ्यासमोर तीस सेकंदांत रडता येतं आणि वडिलांच्या अंत्यविधीला डोळे कोरडे राहतात. माझ्या बाबतीत हे शब्दशः झालं, आणि जमलेल्या नातेवाइकांना मी कोरडी वाटले.

तेविसाव्या वर्षी मी एका समुपदेशकाकडे गेले. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला कुठला रंग आवडतो?’ मी म्हटलं, ‘मला पिवळा शोभतो.’ त्यांनी पुन्हा विचारलं. मला दहा मिनिटं उत्तर देता आलं नाही. आठवडाभर दुकानाच्या काचांसमोर उभी राहून मी रंग बघत होते. ज्यांना हे हास्यास्पद वाटेल त्यांनी स्वतःचं नशीब चांगलं समजावं. बाकीच्यांना सांगते, सुरुवात इतकी छोटी असली तरी चालते. जिचा निकाल कुणालाच कळवायचा नाही अशी रोज एक निवड करा.

मी सेटवर काम करते. एखादं मूल घाबरलेलं दिसतं, पण आई समोरच असते. मी काय करणार?

तुम्ही बरंच काही करू शकता. मुलाशी आईच्या नजरेआड, पण उघड्या जागी, दोन मिनिटं कामाशिवाय बोला. ‘दमलीस का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. ‘आता बसायचं की पाणी प्यायचं?’ असं विचारा, म्हणजे निवड त्याच्या हातात येते. टेक ओके झाल्यावर तुम्ही स्वतः जाऊन सांगा, म्हणजे मुलाला मॉनिटरमागे बघावं लागणार नाही. कामाचे तास लिहून ठेवा. मारहाण, उपाशी ठेवणं, आजारपणात काम करून घेणं दिसलं तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. भारतात तो क्रमांक १०९८ आहे. मला अकरा वर्षांत एका सहायक दिग्दर्शिकेने असं विचारलं होतं. तिचं नाव मी विसरले, पण तिने पुढे केलेला स्टीलचा पेला आठवतो.

माझ्या मुलीला खरंच अभिनय करायचा आहे. मी तिला पाठवू की नको?

पाठवा, पण घर तिच्या पैशांशिवाय चालेल याची आधी खात्री करा. ती उद्या ‘नको’ म्हणाली तर कुठला हप्ता थकेल? एकही थकणार असेल तर थांबा. मॅनेजर दुसरं कुणी असू द्या. कमाई कायद्याने सांगितलेल्या टक्क्यांपुरती नव्हे, सगळीच्या सगळी तिच्या नावावर ठेवा. आणि मधूनच एखादं चांगलं काम तिला नाकारू द्या. ती नाकारेल तेव्हा तुमचा चेहरा ती बघणार आहे, याची आठवण ठेवा.

आम्ही फक्त घरगुती व्हिडिओ टाकतो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

पैसे येत असतील तर लागू आहे, आणि इथे पॅकअप होतच नाही. फ्रान्सने २०२० साली सोळा वर्षांखालच्या अशा मुलांसाठी कायदा केला, आणि अमेरिकेत इलिनॉय राज्याचा तसा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. घर हाच सेट झाला की मुलाला कॅमेऱ्यापासून लांब जायला खोली उरत नाही. मला ती तरी होती: स्नानगृहाला आतून कडी होती.

आईला माफ करायला हवं का? तिच्याशी हा विषय काढावा का?

माफीची घाई तुमच्या आजूबाजूच्यांना असते. तुम्ही तुमचा वेळ घ्या, किंवा करूही नका. माझं आईवर प्रेम आहे आणि मी तिच्या घरी रात्री राहत नाही. असंही जगता येतं.

विषय काढायचा असेल तर सगळ्या बालपणाचा हिशेब एका दिवशी मांडू नका. एक प्रसंग, एक तारीख. माझ्या आईने प्रत्येक शूटिंगची वही ठेवली होती, सुबक अक्षरात: कॉल टाइम, कपडे, किती रिटेक. मी ती बघायला मागितली. आठव्या वर्षाच्या एका पानावर होतं: ‘ताप १०२. गोळी दिली. दोन्ही शिफ्ट पूर्ण.’ मी ते पान तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘बघ, किती केलं गं मी तुझ्यासाठी.’

मी काही बोलले नाही. त्याच ओळीत तिला जे दिसत होतं ते मला कधीच दिसणार नाही, आणि मला दिसतं ते तिला, हे त्या दिवशी कळलं. वही मात्र मागून घेतली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्या दिवसाच्या मानधनाचा आकडा होता. माझा हिशेब मी त्यावरूनच जुळवला.